अठरा नंबरचा अहवाल

कॉर्बिन लेक, सॅस्कॅचेवान
मंगळवार, १० मार्च

प्रिय ग्लेन,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. डोरीननं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं. मूस जॉमध्ये लेकीकडे तू रमलास आणि नातीला स्केटच्या नाड्या बांधायला शिकवल्यास, हे ऐकून बरं वाटलं. आम्ही दोघंही ठीक आहोत. बाहेर उणे बावीस आहे आणि डोरीन म्हणते, हवा सुधारली.

अक्षर बघून हसू नकोस. हॉकीच्या काठ्यांवर नंबर घालायचा तो जाड काळा मार्कर घेऊन बसलोय. एका पानावर आठच ओळी मावतात, म्हणून पाकीट एवढं फुगलंय. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "जाऊ दे रे मर्व," म्हणतोस आणि मी लगेच जाऊ देतो. दोन वर्षं तेच चाललंय.

इकडची खबर म्हणजे आपला हॉकीचा संघ यंदाही तळाशीच आहे. बर्फाच्या रिंकच्या छपराला नवा पत्रा बसला. कॉफीच्या दुकानातल्या बर्निसची जीभ तशीच आहे. परवा मला म्हणाली, "मर्विन, पुढचा हिरा शोधलास की आधी सांग हं, मी त्या वर्षी तिकीटच काढणार नाही." सगळे हसले. मीही हसलो.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण आहे. बटाटा भरलेल्या पेरोगी, सॉसेज, बायकांनी भाजलेले गोड ॲपल-पाय, आणि मग संघासाठी खेळाडू हेरायच्या माझ्या तीस वर्षांच्या नोकरीबद्दल लाकडाची पाटी. ती तुझ्या हातून द्यायची ही कल्पना संघाच्या मालकांची, म्हणजे क्लासेनची. तू हो म्हणालास आणि वर भाषणातलं एक वाक्यही लिहून पाठवलंस: "मर्वच्या नजरेवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही."

डोरीन हे वाचून थांबली. पत्राची घडी घालून म्हणाली, "आता तू सांगणार आहेस की मी सांगू?" चार दिवस टाळलं. आज लिहितोय.

तुला ते वर्ष वेगळं आठवून द्यायला नको. तीन हिवाळे आपण हरत होतो. संघ तुझ्या हाती होता, म्हातारे खेळाडू काढून तू सोळा-सतरा वर्षांची मुलं आणलीस आणि गावाला सांगितलंस, धीर धरा. गाव कसलं धरतंय! मग ट्रेंट सॉबर्ग बाजारात आला. गोल करण्यात एवढा नावाजलेला सेंटर, आणि बदल्यात त्याच्या संघाला आपल्या पोरांतला सगळ्यांत गुणी कोल हवा होता, शिवाय आणखी दोन मुलं. क्लासेन टेबलावर हात आपटत होता, "लोक हरायचं तिकीट काढत नाहीत, ग्लेन!" आणि तू म्हणालास, "बियाणं दळून खाल्लं तर पुढच्या साली पेरायचं काय?"

तू बरोबर होतास. अदलाबदल तुला नकोच होती.

मग तुझ्या ट्रकमध्ये, हीटर नीट चालत नव्हता, तू मला म्हणालास, "मर्व, गोल तो करतो हे शेंबडं पोरही सांगेल. मला एकच सांग. चकती हातची गेली की तो आपल्या गोलपर्यंत परत धावत येतो की मध्यावर उभा राहून वाट बघतो? येत असेल तर त्याच्याकडून माझी मुलं शिकतील, मी कोल देईन. येत नसेल तर क्लासेनला नाही म्हणून सांगेन, मग नोकरी गेली तरी चालेल. जा, डोळ्यांनी बघून ये."

मी बघून आलो आणि लिहून दिलं. कागद अजून आहे माझ्याकडे: "अठरा नंबर. दर वेळी परत येतो. तिसऱ्या सत्रात, सामना हातचा गेल्यावरही, सर्वांत आधी परत येतो."

ग्लेन, मला अठरा नंबर दिसला नव्हता.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, जिथे नजर लावावी तेवढंच पुसलं जातं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोरीनला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नाही. गाडी ती चालवायला लागली तेव्हा मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. तू मला गुडघ्याला लावायला मलम आणून दिलंस. ती ट्यूब अजून फोडलेली नाही.

तरी मी काम रेटत होतो. मोठा काळा आकडा पांढऱ्या जर्सीवर असला की मान तिरकी करून कडेनं वाचता यायचा. पण तो सामना अकरा नोव्हेंबरच्या आठवड्यातला. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या संघानं त्या एका दिवसापुरत्या सैनिकी जर्सी घातल्या होत्या. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांवर तपकिरी आकडे. मला बर्फावर नुसते मातकट डाग धावताना दिसत होते.

माझ्या शेजारी हॉट चॉकलेट पीत एक बाई बसली होती, कोटावर स्मरणदिनाचं लाल पॉपीचं फूल लावून. "अठरा नंबर कोणता हो?" एवढं तिला विचारायचं होतं. चार शब्द. पण मी गळ्यात स्काउटचा बिल्ला घालून बसलो होतो आणि माझी जीभ उचलली नाही. इतकी वर्षं लोकांनी मला विचारलं, मी काय कुणाला विचारणार! एक उंच डाग मला सारखा मागे धावताना दिसत होता. फार सुंदर धावत होता, ग्लेन. मी स्वतःला सांगितलं, इतकं चांगलं धावणारा सॉबर्गच असणार.

तो सोळा नंबर होता. पावलिक नावाचा चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीतला मुलगा. हे मला फेब्रुवारीत कळलं. त्यांचा सामान सांभाळणारा माणूस आपल्या रिंकवर आला होता, तो हसत म्हणाला, "त्या जर्सींत आम्हालाच आमची पोरं ओळखू येत नव्हती." आणि पुढे म्हणाला, "सॉबर्गची हनुवटी फाटली होती ना त्या दिवशी? तिसरं सत्र तो आत टाके घालून घेत होता." मग तो मागे धावणारा उंच पोरगा कोण, असं मी विचारलं, तेव्हा पावलिकचं नाव त्यानंच सांगितलं.

तोवर आपण सॉबर्गला मध्यावर उभा राहिलेला बघत होतोच. कोल तिकडे गेला होता. आता तो तिथला कप्तान आहे. पावलिक खेळ सोडून धान्याच्या कोठारावर कामाला आहे, असं ऐकतो.

हीदेखील मोठी चूक, पण ती एकवेळ सांगता आली असती. खरी लाज पुढच्या गोष्टीची आहे. एप्रिलमधली ती बैठक. क्लासेननं विचारलं, "हा माणूस परत येतो असं कुणी सांगितलं होतं?" तू माझ्याकडे बघितलंस. तेवढं मात्र मला कडेनं दिसलं. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मी कॉफीच्या कपात बघत बसलो. आणि तू म्हणालास, "अहवाल अहवालाच्या जागी. निर्णय माझा होता."

त्यांनी तुला काढलं, मला ठेवलं. तू घर विकलंस. खोकी ट्रकमध्ये चढवायला मी आलो होतो, आठवतं? तू म्हणालास, "मर्व, तू एकटाच आलास बघ." मी घरी येऊन ओकलो. डोरीनला सांगितलं, दुकानातलं सॉसेज बाधलं.

माफी मागायला लिहीत नाही. ती मागायचा वेळ त्या टेबलावर होता, तो मी कॉफी पिण्यात घालवला.

अहवालाचा मूळ कागद सोबत आहे. तोच सगळा मजकूर क्लासेनला वेगळ्या पत्रात लिहिला, पाटी नको म्हणूनही लिहिलं, आणि हे पत्र सुरू करायच्या आधी डोरीनकरवी टपालात टाकलं. मला माझा भरवसा नाही, म्हणून आधी ते. शनिवारी जेवण रद्द होणार नाही, बायकांनी बाराशे पेरोगी करून ठेवल्यात. मी जाणार आहे. माइक हातात घेऊन हेच बोलणार आहे, बर्निससमोर, सगळ्यांसमोर. ग्लेन चुकला नव्हता, हे त्या हॉलमध्ये माझ्या तोंडून ऐकलं जायला हवं.

तू ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. आलास तर मी दारालगतच्या टेबलाशी असेन. फक्त लांबून हात करू नकोस, मला दिसणार नाही आणि तुला वाटेल, यानं पुन्हा तोंड फिरवलं. जवळ ये आणि नाव सांग. मग काय बोलायचं ते बोल.

तू डोळे मिटून ठेवलेल्या विश्वासाला न जागलेला,

मर्विन