भिंतीकडे तोंड केलेली बाहुली

३ जून

मनी आज खेळखोलीत सातव्यांदा आली. (मनी हे नाव मीच ठेवलंय, मांजरीसारखी कोपरा धरून बसते म्हणून.) सहा वर्षांची. धाकटा भाऊ टबात बुडून गेला, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द नाही. घसा ठणठणीत आहे, डॉक्टर म्हणाले.

खेळ तोच. बाळ-बाहुली पाण्याच्या भांड्यात. आई-बाहुली खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून. छोटी बाहुली दोघांच्या मध्ये पळते — जाते, येते, परत जाते. मी काही विचारत नाही. दिसतं तेवढंच बोलायचं, ही आमच्या खेळातून उपचार करण्याच्या कामाची रीत. ‘‘छोटी पळतेय.’’ मनीने मान हलवली!

१० जून

आज मनीने छोटीला जमिनीवर आपटलं. तीनदा. मग माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा. घरी आल्यावर कणीक मळता मळता मीही रडून घेतलं.

११ जून

गाढव आहे मी! खेळखोलीतलं खेळखोलीतच ठेवायचं, हे नवख्यांना मीच शिकवते. आणि आज मनीच्या आईचा फोन आला — ‘‘काहीतरी सांगा हो ताई, नुसती खेळतच बसते का?’’ — तर विरघळले. रडल्याचं सांगितलं. बाहुलीचं तोंड भिंतीकडे असतं, तेही सांगून बसले. मग ती म्हणाली, ‘‘मी तिथेच होते. टॉवेल घ्यायला वळले फक्त.’’

१७ जून

मनीने आई-बाहुली भांड्याजवळ नीट उभी केली. तिच्या हाताशी फडक्याचा तुकडा ठेवला. छोटीला पलंगावर झोपवून पांघरूण घातलं. आणि माझ्याकडे पाहिलं — बरोबर ना, असं.

आईने पढवून पाठवलंय. माझ्या जिभेला हाड नाही, त्याची फळं ही पोर भोगतेय. संताप येतो स्वतःचा.

२४ जून

आली नाही. फोनही उचलत नाहीत.

१ जुलै

नाही.

२ जुलै

मनीची आई आली, एकटीच. लहान मुलांच्या खुर्चीवर बसली. टॉवेलचं खोटं होतं म्हणाली. कित्येक दिवसांची झोप राहिली होती, बाळाला टबात बसवून शेजारच्या खोलीत जरा आडवी झाली आणि डोळा लागला. ‘‘पोरगी दोनदा उठवायला आली, ताई. मी खेकसले — आता एक शब्द बोललीस तर बघ.’’