खऱ्यासारखं पाणी

६ जुलै १९९७

काकांच्या प्रतापने व्हिडिओ गेमचं नवीन डबडं आणलं! सीडीवालं. राहतो सरावलीला, खोलीत टीव्ही नाही, म्हणून आमच्या डोक्यावर. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की थोरला भाऊ वामनदादा आणि मी ज्यावर भांडत बसायचो, तो आमचा कॅसेटवाला गेम काढून त्याने कपाटावर टाकला. विचारलंसुद्धा नाही! वर तोंड करून, "ग्राफिक्स बग, ग्राफिक्स!"

७ जुलै

बघितलं. सीडी सुरू होईतो चहा उकळतो. हिरो दिसायला खरा, उडी मारायला म्हैस. आमचा चार ठोकळ्यांचा माणूस बटण दाबलं की उडायचा. खेळायचं की नुसतं बघत बसायचं?

९ जुलै

आज पाण्याची लेव्हल. प्रताप नाचतोय — "पानी बग, एकदम खऱ्यासारकं हाय!" हिरो बुडाला. हातपाय मारत, बुडबुडे सोडत, सावकाश खाली. मी टीव्हीच बंद केला.

गेल्या वर्षी दादाला समुद्राने नेलं. सापडलासुद्धा नाही. आणि हे गाढव मला पाणी दाखवतंय! जुन्या खेळात माणूस पाण्यात पडला की टुंग् करून नाहीसा व्हायचा.

मागे आई सुकट निवडत बसली होती. तिने सगळं बघितलं.

१० जुलै

आई जेवली नाही. प्रतापला म्हटलं, रविवारी उचल हे. "अरे, गेम हाय तो!" — गेम आहे तर गेमसारखा दिसू दे ना! असा राग आला, लाथच घालणार होतो त्या डबड्याला.

१२ जुलै

आईने भाकरी थापता थापता विचारलं, "तो बुडला, त्याचं काय झालं रे?"

मेला, म्हटलं. मग परत पहिल्यापासून खेळायचं.

"परत येतो?"

उद्या हे घराबाहेर गेलंच पाहिजे.

१३ जुलै, रविवार

बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून आलो, डबडं हाकलायच्या तयारीनेच. प्रताप ओट्यावर बसलेला. म्हणाला, "काकीने एकच बटण विचारलं. वर यायचं."

आत आई टीव्हीसमोर, गेमचा रिमोट दोन्ही हातांत आवळून. हिरो बुडत होता. तिने बटण दाबलं, दाबूनच धरलं. त्याचं डोकं पाण्याबाहेर आलं.

"आला," म्हणाली. आणि पुढे सरकून पदराने काचेवरचं त्याचं तोंड पुसलं.