आत्याबाई पुन्हा गळाला

१३ एप्रिल
आत्याबाई आज पुन्हा गळाला लागल्या! ऑस्मोने गोठलेल्या तळ्याच्या बर्फातल्या भोकातून ओढून काढलं, पाहुण्यांना फोटो काढू दिले आणि परत सोडून दिलं. दांडगी पाईक जातीची मासळी, जबडा एका बाजूने फाटलेला. बेटावरच्या आमच्या लॉजची तीच जाहिरात.

पाहुण्यांत मॅकिव्हर म्हणून दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "हिला दुखत असणार हो."

"दुखत असतं तर परत परत आली असती का?" ऑस्मो, नवरा माझा, हसला. "आणि मासा कधी ओरडलेला ऐकलाय, डॉक्टर?"

"माझे निम्मे पेशंट ओरडत नाहीत. खुर्चीचा हात तेवढा घट्ट धरतात."

मी सूप वाढत होते, डावं मनगट बाहीत लपवून. त्यांनी पाहिलं की काय, कोण जाणे.

१४ एप्रिल
पाहुणे गेले. या मोसमातले शेवटचेच. निघताना डॉक्टर म्हणाले, "चलता का गावापर्यंत? मनगट दाखवून घ्या."

"छे! दुखत नाही," म्हटलं. ऑस्मो शेजारीच उभा होता ना!

१७ एप्रिल
तळ्यावरचा बर्फ करडा, कच्चा पडलाय. आता स्नोमोबाइल जात नाही, आणि सगळं वितळेपर्यंत बोटही नाही. ऑस्मो खुशीत — "आता फक्त तू नि मी, हिल्कुडे!"

१८ एप्रिल
आईचा फोन. तिला सांगितलं मनगटाचं. भडकलीच. "मागच्या खेपेला बोटं मोडून घेऊन आलीस. तो दारात येऊन रडला, तर गेलीस की मागोमाग! दुखत असतं तर परत गेली असतीस का गं?"

ऑस्मोचं वाक्य, आईच्या तोंडी!

२० एप्रिल
कॉफी कडू झाली. पुन्हा तेच मनगट. दुसरं का नाही धरत?

२२ एप्रिल
आत्याबाई गेल्या. काठाजवळच्या भोकात गळ पार घशात गिळला होता. ऑस्मोने डोक्यात दांडका घातला. "साफ कर," म्हणाला.

एका हाताने केली. घशात जुने गंजलेले गळ. पोटात काहीच नाही — बोटभर मासळीसुद्धा नाही! दुखत होतं हो तिला. पण भूकही होती.

मला आईकडे खायला कमी नव्हतं. जवळ घेणारं कुणी नव्हतं. याने दारात "हिल्कुडे" म्हटलं आणि मी कोट चढवला. एवढंच झालं होतं. राग येतो स्वतःचा, आणि रडूही येतं.

२५ एप्रिल
शनिवार. ऑस्मो साउनात वाफ घेत बसलाय, इतक्यात निघायचा नाही. पत्र्याची होडी काठालाच आहे. या दिवसांत बाबा असेच जायचे — होडीचा काठ धरून बर्फावरून ढकलत न्यायची, बर्फ फुटला की अंग होडीत टाकायचं. दोन हात लागतात. माझ्याकडे दीड आहे.

वही कोटात घेते.

२६ एप्रिल
गावातला दवाखाना. कपडे अजून ओले. नर्सने मनगट हलकेच दाबलं. "इथे दुखतं?"

मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. सोडला. आणि ओरडले.