खरी रजा

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनी मजेत ना? कागदावर लिहिते आहे, कारण माझी मेल तू उघडत नाहीस आणि फोन उचलत नाहीस.

माझ्या नव्या खोलीला स्वतःचं दार आहे. पूर्वी तळमजल्यावर सर्व्हरच्या गारठ्यात स्वेटर घालून वायरी उपसायचे, तेव्हा संध्याकाळपर्यंत काहीतरी चालू झालेलं दिसायचं. आता आपल्या कंपनीच्या सायबर सुरक्षेची प्रमुख म्हणून दिवसभर मीटिंगा. सर्व्हरच्या खोलीत माझं कार्डही चालत नाही. प्रमुखाला तिथे काय काम, असा नियम मीच केला. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "आमची वायरमन साहेब झाली!"

बाबा आहेत तसेच आहेत. उजवा हात अजून उठत नाही. सकाळी त्यांना भरवून मी निघते, दुपारी शेजारच्या काकू डोकावतात.

त्या मेलबद्दल आपण नीट बोललोच नाही.

खोट्या मेल पाठवून आपल्याच लोकांची परीक्षा घेणं माझ्या कामात येतं. पूर्वी आम्ही बक्षिसाच्या नाहीतर पार्सलच्या मेल पाठवायचो, कुणी ढुंकून बघायचं नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये मोठे साहेब म्हणाले, "यंत्रं पुष्कळ ओळखलीत, आता माणसं ओळखा." बाबांना भरवता भरवता मला सुचलं. 'आजारी आईवडिलांसाठी महिनाभर भरपगारी रजा. अर्जासाठी इथे क्लिक करा.' अर्ध्या कंपनीने क्लिक केलं. तुझ्या शाखेतून सगळ्यांत आधी तू.

क्लिक केल्याबरोबर 'ही परीक्षा होती' असं दाखवायची आमची पद्धत. पण मग लोक एकमेकांना सावध करतात. म्हणून आधी 'अर्ज मंजूर' दाखवायचं आणि खरं दुसऱ्या दिवशी सांगायचं, ही सुधारणा माझी. त्याच संध्याकाळी तू बाबांना फोन केलास. मी घरी आले तर त्यांनी डाव्या हाताने दाढी केली होती. हनुवटीवर कापलं होतं. म्हणाले, "दादा येतोय. चांगला महिनाभर!"

मी कापूस लावला. सांगितलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "बाबांच्या दुखण्याचं आमिष केलंस?" एवढंच म्हणालास. आणि मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." दादा, तेव्हापासून मला काहीच वाटत नाही. रडू येत नाही. जेवण जातं, झोप लागते. वाईट वाटायला हवं हे कळतं, पण वाटत नाही. साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली, तेव्हाही तसंच.

त्याच मीटिंगमध्ये मी म्हटलं, ही रजा खरोखर द्या. ज्या गोष्टीसाठी अर्धी कंपनी डोळे मिटून क्लिक करते, ती आपणच दिली तर चोराला आमिष उरत नाही. माणुसकीची बाजू मांडली असती तर चहा येईपर्यंत विषय संपला असता. धोका म्हणून मांडला, लगेच पटला. परवा सगळ्यांना मेल गेली.

कुणीही क्लिक केलं नाही. शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी ती 'खोटी' म्हणून माझ्याच विभागाकडे पाठवली. तुझीही आली. वर तू लिहिलं होतंस, 'या वेळी नाही.' माझ्या हाताखालची मुलगी आनंदाने म्हणाली, "मॅडम, या परीक्षेत एकजणही फसला नाही!" मी हसले. नंतर दार लावून तुझी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

रजा खरी आहे, दादा. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तो मी घालवला. तुझ्या शाखेच्या मॅनेजरकडे स्वतः जा, तोंडी विचार, त्यांच्यासमोर अर्ज भर. रजा मंजूर झाली की आधी घरी फोन कर.

बाबांना तूही सांगितलं नाहीस, मीही नाही. तू फोनवर "काम आटपलं की निघतो" म्हणतोस आणि ते रोज दाढी करून खिडकीशी बसतात. आता हनुवटीवर कापत नाही. डावा हात सरावलाय.

ये.

तुझी,
वायरमन