घागरभर काढा

आई, तुझी सून गेल्या मार्गशीर्षात गेली. हे तुला सांगायला हवे, असे सारखे वाटत राहिले, म्हणून लिहावयास बसलो आहे. शेवटी फार हाल झाले नाहीत; मुले, नातवंडे जवळ होती. तिच्यावाचून घर मोठे वाटते. तरीही मी बराचसा समाधानी आहे, आणि त्या समाधानाचे मूळ शोधू लागलो की बेंबळीच्या आपल्या स्वयंपाकघरात, तुझ्या चुलीपाशी येऊन थांबतो.

निजामाचे राज्य होते, महायुद्ध चालू होते, आणि मी हैदराबादहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकताच परतलो होतो. थोरला जन्मला आणि पाठोपाठ हिला बाळंतज्वर चढला. अंग भाजत होते, बोलणे असंबद्ध होऊ लागले होते. धाराशिवच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर टांग्याने आले. त्यांच्याजवळ सल्फा जातीच्या एका नव्या औषधाच्या गोळ्या होत्या. या औषधाची परीक्षा अजून चालू आहे, काही रोगी बरे झाले, काहींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, हे त्यांनी न लपवता सांगितले. म्हणून रोग्याने भरपूर पाणी प्यायले पाहिजे, आणि लघवी काचेच्या बाटलीत राखून त्यांना दाखवली पाहिजे.

तू हातात सूप घेऊन दाराशी उभी आहेस. "ओल्या बाळंतिणीला पाणी? पोटात वारं शिरंल तिच्या. आमच्यात कुणी पाजत न्हाय. आन बाटलीत काय, डागदरला दावायला दुसरं काय गावंना व्हय?" मी रेणूंच्या रचनेतील साम्याविषयी बोलू लागलो. "तू गप," तू म्हणालीस, "तुज्या कालिजात कोण बाळंत झालतं?"

डॉक्टर हसले आणि सरळ उंबऱ्यावर बसले. "माँजी, बीमारीचे किडे अंगात एक दाणा खाऊन वाढतात. ही गोळी त्या दाण्यासारखी दिसती. हिलाच दाणा समजून खातात, अन् त्यांची वाढ बंद. मग बाईचं रक्तच त्यांचा निकाल लावतं."

"मंजी दाणा म्हणून कोंडा चारायचा."

"बिलकुल!"

"मग त्यो कोंडा जातो कुठं?"

"हीच तर बात आहे. लघवीवाटे जातो. पाणी कमी पडलं, तर आत वाळूसारखा बसतो."

आतून हिचा क्षीण आवाज आला, "आत्याबाई, घोटभर तरी..." तू सूप खाली ठेवलेस. रीत पाळून सून गेली असती, तर गावात कोणी तुला बोल लावला नसता. रीत मोडून गेली असती, तर जन्मभर तुझ्याच नावाने बोलले असते. हे त्या वेळी मला उमगले नव्हते. तुला उमगले होते. तू आत गेलीस, घागरभर पाणी उकळायला ठेवलेस आणि त्यात चिमूटभर ओवा टाकलास. "काढा हाय," तू डॉक्टरांना आणि मला बजावलेस. "बाळंतिणीला काढा चालतोय."

शेजारच्या काकू डोकावल्या. "पाणी पाजतीस व्हय गं सुनंला?"

"ओव्याचा काढाय."

"वास तर येईना."

"तुज्या नाकाला सर्दी झालीया. जा, वाफ घे जा."

ही पेल्यामागून पेला पीत राहिली आणि तू तिची मान आपल्या हातावर तोलून धरलीस. ताप उतरत गेला. डॉक्टर पुन्हा आले, त्यांनी बाटली खिडकीशी नेली आणि "साफ!" म्हणाले. तू पदर तोंडाला लावून भिंतीकडे पाहत होतीस. टांगा हलताच मात्र तीच बाटली तू स्वतः उजेडात धरून निरखलीस.

त्यानंतर आमच्या संसारात पाण्याला काढाच म्हटले गेले. मी बाहेरून आलो की ही विचारी, "काढा देऊ का?" पाहुणे गोंधळून जात. अखेरच्या दुखण्यात तरुण डॉक्टरीणबाई एकेक गोळी समजावून सांगत असताना हिने गंभीरपणे विचारले, "आन ह्यो कोंडा जातो कुठं?" बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मला हसू आवरेना, हिलाही आवरेना.

तू तिला मला परत दिलेस, आणि तिने मला एवढे दीर्घ आयुष्य दिले. हे पत्र ओव्याच्या डब्याखाली राहील. रसायनशास्त्राचा पदवीधर या नात्याने मला ठाऊक आहे की घागरभर पाण्यात चिमूटभर ओव्याने काही साधत नाही. तरी काल डबा रिकामा निघाला, तेव्हा वाण्याकडून ओवा येईपर्यंत मी पाणी प्यालो नाही.