आमच्या सर्व्हरवरची मुलगी

प्रिय ताई,

हे पाकीट घेऊन आलेली बाई आमच्या ऑफिसातली आहे. ग्राहकांच्या तक्रारी तीच बघते. तिला बसवून घे, पाणी दे, पण काही विचारू नकोस. तिला माहीत आहे ते सगळं मी खाली लिहिलंय. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं असतंस आणि मग पुढचं माझ्या तोंडून निघालं नसतं. घरीही पाठवलं नाही, मुद्दाम तुझ्या दवाखान्यात पाठवलं. पुढचा पेशंट असेल तर आधी त्याचं उरकून घे. मग दार लावून वाच.

तू मला नेहमी चिडवतेस, की माझा धंदा म्हणजे हवेतल्या खोल्या भाड्याने देणं. तसंच आहे ते थोडंफार. एका मोठ्या मशीनचे आम्ही सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतो आणि प्रत्येक भाग स्वतंत्र सर्व्हर म्हणून देतो. घेणाऱ्याला वाटतं अख्खं मशीन आपलंच. कुणी त्यावर चपलांचं दुकान चालवतं, कुणी हिशेब ठेवतं, वेबसाइट बनवणारी पोरं आपली अर्धीमुर्धी कामं तिथे तपासून बघतात. आत कोण काय करतंय यात आम्ही डोकावत नाही. मशीन चालू, थंड आणि इंटरनेटला जोडलेलं राहील, एवढंच आम्ही बघतो. शिवाय बरेच सर्व्हर आम्ही थेट विकतही नाही. दुसऱ्या कंपन्या आमच्याकडून घाऊक घेतात आणि आपल्या नावाने विकतात. त्यांच्या ग्राहकाला आम्ही कोण हे माहीतही नसतं. भावोजींनाही माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी एका हॉस्पिटलची तक्रार आली. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या एका सर्व्हरवर आमच्या नावाने एका आजारी मुलीसाठी मदत मागितली जातेय आणि अशी कुणी मुलगी आमच्याकडे दाखलच नाही. अशा तक्रारी येतात, ताई. दहातल्या चार खोट्याही निघतात. हे पाकीट आणणाऱ्या आमच्या तक्रारीवालीने ते पान उघडलं, वाचलं आणि मला हाक मारली. म्हणाली, "सर, हे बघायला तुम्हीच या. मला वाचवत नाहीये."

मी चहाचा कप हातात घेऊनच गेलो. पडद्यावर एक मुलगी होती. पलंगावर उशीला टेकून बसलेली, हाताला सलाईन, डोळ्यांखाली काळं. अंगात पिवळा स्वेटर, पुढचा भाग मागे करून घातलेला. तो स्वेटर मी विकत आणलाय, ताई. तुला न्यूमोनियाचे ते दिवस आठवत असतील. सलाईनच्या नळीमुळे तो सरळ घालता येईना, म्हणून तू तिला उलटा घातलास आणि ती तशातही हसली, म्हणून तू फोटो काढून आम्हा घरच्यांना पाठवलास. पानावर तिचं नाव वेगळं होतं, आजार वेगळा होता. पण ती तुझी लेक, आपली भिंगरीच होती.

मी पहिलं काय केलं सांगू? मी खिशातून फोन काढून तुझ्या घरी लावला. उचलला भिंगरीनेच. म्हणाली, मामा, मी सायकलवरून पडले पण रडले नाही. मी बरं म्हटलं आणि ठेवून दिला. समोर तीच मुलगी शेवटच्या घटका मोजत होती आणि कानात तिचा आवाज. तक्रारीवालीने खुर्ची पुढे सरकवली, मी बसलो.

मग मी ते पान पूर्ण वाचलं. तुला ते दाखवणार नाही, पण एक गोष्ट सांगावीच लागेल, नाहीतर ती दुसऱ्या कुणाकडून कळेल. त्यात लिहिलं होतं, की मुलीची आई हयात नाही. बाप एकटाच सगळं करतोय. खाली लोकांनी लिहिलेले शब्द होते. एका म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं होतं, की मी रोज सकाळी आधी हिचं नाव घेते, मग माझ्या नातवंडांचं.

तोवर माझी समजूत अशी, की कुणीतरी फोटो चोरला. राग होता, पण तो परक्यावरचा राग होता. तो सोपा असतो. मी सर्व्हर बंद केला. त्यातलं सगळं जसंच्या तसं राखून ठेवायला सांगितलं आणि पोलिसांच्या सायबर शाखेला कळवलं. ज्या कंपनीने तो सर्व्हर पुढे विकला होता, तिथल्या मॅनेजरला म्हटलं, तुमच्या ग्राहकाचं नाव द्या. तो म्हणाला, "नाव एका फर्मचं आहे. पण तो माणूस आत्ताच दुसऱ्या लाइनवर ओरडतोय. जोडून देऊ का?" मी म्हटलं, द्या.

पलीकडचा माणूस श्वास न घेता बोलत होता. "तुम्ही कोण साइट बंद करणारे? त्या पोरीचं ऑपरेशन आहे. तिला काही झालं तर जबाबदारी तुमची." ताई, आवाज मला पहिल्या वाक्यालाच कळला होता. पण डोकं मानायला तयार नव्हतं. या माणसाने माझ्या कंपनीचं पहिलं मशीन लिफ्ट बंद असताना माझ्याबरोबर जिना चढून वर आणलंय. बाबांना आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा मी बाहेर उभा राहायचो आणि हे आत जायचे. मी त्यांना बोलू दिलं. मग म्हटलं, "भावोजी, भिंगरी सायकलवरून पडली आहे. गुडघा बघा तिचा."

पलीकडून फोन कट झाला. मॅनेजर अजून लाइनवर होता. त्याने विचारलं, "ओळखीचे आहेत का?" मी हो म्हटलं. तो हो माझा मलाच लांबून ऐकू आला.

दुपारी ते स्वतः आले. रोज ऑफिसला जाताना घालतात तसे कपडे, हातात बॅग. नोकरी जाऊन बरेच महिने झालेत, हे त्यांनी दारातच सांगितलं. एका वाचनालयात बसायचे दिवसभर. तिथेच हे सुचलं म्हणाले. "एकदाच करणार होतो. मग लोक इतकं चांगलं लिहायला लागले, की मला ते बंद करवेना." मी विचारलं, ताईला मारून टाकलंत ते कशासाठी? त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, "आई असली की लोक विचारतात, आई काय करते."

मी त्यांना म्हटलं, आजच्या आज ताईला सांगा, नाहीतर मी सांगेन. त्यांनी कबूल केलं. मंगळवारी तुझ्याशी फोनवर बोललो तेव्हा तू नव्या पडद्यांबद्दल बोलत होतीस, त्यावरून कळलं की सांगितलेलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "तिला सगळं आधीपासून माहीत आहे. फोटो तिनेच दिला. पोलिसांनाही मी तेच सांगणार आहे. आई-बापांची संमती असली की तेवढंच हलकं होईल." अगदी शांतपणे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. इतकी वर्षं त्यांचा चेहरा मला वाचता येतो, अशी माझी समजूत होती. ते गेल्यावर मी मशीनच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथे पंख्यांच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नाही.

आज सकाळी मला जबाबासाठी बोलावलं होतं. अधिकारी बाई समंजस होत्या. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, "मुलीच्या आईला यातलं काही माहीत होतं?" भावोजींचं बोलणं माझ्या कानात तसंच होतं. क्षणभर, खरंच क्षणभर, मला वाटून गेलं, की असेलही. ते मला वाटू शकलं, याचाच धक्का अजून ओसरलेला नाही. मी म्हटलं, "नाही. माझ्या बहिणीला काहीच माहीत नव्हतं." खाली सही केली आणि बाहेर आलो. आता त्या तुला बोलावतील, बहुधा संध्याकाळच्या आत. हे मी तुला न विचारता सांगून आलोय, ताई. तिथे जाण्याआधी मला एवढंच कळव, की मी खरं बोललो का. उत्तर काहीही असलं तरी मी तुझ्याबरोबर येतो. दवाखान्याच्या खाली गाडीतच बसलोय.

तुझ्या हाकेची वाट बघणारा,
तुझाच धाकटा