पंचावन्न ग्रॅम आणि वरचे दोन

आदरणीय व्याहीसाहेब,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण कंबर एकदा वाकली की ती सरळ करायला दुसरा माणूस लागतो, म्हणून बसूनच करतो आहे, गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला? रविवारी इथून घरी पोचल्यावर फोनवर तुम्ही ‘सर्व ठीक’ एवढंच म्हणालात, तेव्हापासून मला घोर लागला आहे. खरंच सगळं ठीक असलेला माणूस निदान चार शब्द तक्रार तरी करतो. इकडे माझं पोट बरं आहे. (म्हणजे काल बरं होतं. आजचं संध्याकाळशिवाय सांगता येणार नाही.)

पत्रास कारण आपली खार. तुमच्या मुलीची आणि माझ्या मुलाची ही एकुलती एक लेक एकोणीस वर्षांची झाली, तरी लहानपणी सारखं काहीतरी कुरतडायची म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नाही. ती कॉम्प्युटरवर गेम खेळते हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आता ते नुसतं खेळणं राहिलेलं नाही. शहराचा पाच जणांचा संघ निघायचा आहे, चार जण ठरले आहेत, आणि पाचव्या जागेसाठी येत्या शनिवारी चाचणी आहे. त्या जागेपायी खारीने जेवणखाण सोडलं आहे. (म्हणजे ताटावर बसत नाही. उभ्या उभ्या दोन माणसांचं खाते.) या खेळात म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत नेम वळवावा लागतो, आणि हातातला माऊस जड असला की मनगट मागे पडतं. हलके माऊस महाग. म्हणून तिने एक स्वस्तातला, बिनतारी, स्वतःला हलका म्हणवून घेणारा माऊस आणला आणि सरळ माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, “आजोबा, खोक्यावर पंचावन्न ग्रॅम लिहिलंय. खरं की थाप, तुम्ही सांगा.”

व्याहीसाहेब, दुकान बंद करून मला अकरा वर्षं झाली. चाळीस वर्षं मी तराजू आणि वजनं दुरुस्त केली आणि दरवर्षी तुमच्यापुढे, वजनमापाच्या साहेबांपुढे, घाम पुसत उभं राहून त्यांच्यावर सरकारी ठसा मारून घेतला. पण या अकरा वर्षांत घरातल्या एकाही माणसाने मला ‘हे जरा तोलून बघा’ म्हटलं नव्हतं. सूनबाई तर साखरसुद्धा वाटीने मोजतात. (तुमचीच मुलगी आहे म्हणून जास्त लिहीत नाही.)

तेव्हा परीक्षा अगदी रीतसर केली. पहिल्या नजरेला माल मला पटला नाही. पाठीला चाळणीसारखी भोकं, आत सगळं पोकळ, आणि आमच्या धंद्यात पोकळ वस्तूवर कोणी विश्वास ठेवत नाही. पण बटणं चांगली निघाली. डावं दोनशे वेळा दाबलं, उजवं दोनशे वेळा दाबलं. आवाज सारखाच, उजवं किंचित नाराज वाटलं इतकंच. मधलं चाक अडखळत नाही आणि निसटतही नाही. एक रंगीत दिवा लागतो. तो का लागतो हे खोक्यावरही लिहिलेलं नाही. पोटाखालच्या चकत्या मात्र इतक्या गुळगुळीत की टेबलावर ठेवल्याबरोबर माऊस आपणहून खिडकीकडे निघाला. मी आधी त्यालाच बोललो. मग पाणसळ लावून पाहिली तर टेबलच तिरकं! तीस वर्षं आम्ही उतारावर जेवतो आहोत. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली तेव्हा आमची ही म्हणाली, “तरीच तुमच्या ताटातला रस्सा माझ्याकडे यायचा. मला वाटायचं, प्रेमाने देता.”

मग काचेच्या पेटीतला लहान काटा काढला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, हिला सांगितलं की श्वास भिंतीकडे तोंड करून घे. माऊस पारड्यात ठेवला. सत्तावन्न! पुन्हा तोलला, पुन्हा सत्तावन्न. तिसऱ्यांदाही तेच. दोन ग्रॅमची लबाडी, आणि तीही माझ्या नातीच्या मनगटावर!

उलटा केला तर पोटाला एक इवलंसं झाकण. झाकणाखाली खाच, आणि खाचेत घट्ट बसवलेला नखाएवढा तुकडा, एका टोकाला धातूचा. आता तुम्हाला काय सांगायचं? लोखंडी वजनाच्या बुडाशी भोक असतं, वजन भरून काढायला त्यात शिसं ओततात, आणि लबाडी करणारा नेमकी तिथेच करतो, हे तुम्हीच शेकडो वेळा पकडलेलं आहे. मी म्हटलं, सापडलास बेट्या. चिमट्याने तुकडा उपटला आणि तोलला. दोन ग्रॅम. माऊस तोलला. बरोबर पंचावन्न. इतकं तंतोतंत माप चाळीस वर्षांत जुळलं नव्हतं.

आणि इथे तुम्ही येता. आठवतं का, धान्याच्या दुकानात खोटं वजन सापडलं तेव्हा ते तुम्ही सगळ्यांदेखत ऐरणीवर ठेवलंत आणि मला म्हणालात, “खोटं सापडलं की तिथल्या तिथे ठेचायचं. उद्यावर टाकलं की परत पारड्यात येतं.” मी सातवीच्या पुढे शिकलो नाही, पण जे शिकलो ते विसरलोही नाही. तुकडा ऐरणीवर ठेवला आणि तीन घाव घातले. (तिसऱ्याची गरज नव्हती. तो आनंदाचा होता.)

खार आली. बरोबर पंचावन्न, मी सांगितलं. तिने मला असं कवटाळलं की वाकलेली कंबर तिथल्या तिथे सरळ झाली. मग तिने कॉम्प्युटर उघडला, माऊसचं झाकण उघडलं, खोकं उपडं केलं, हलवलं, आत डोळा लावून पाहिलं. “आजोबा, यातला रिसीव्हर कुठे गेला?” कसला रिसीव्हर, मी विचारलं. तिने लहान पोराला समजवावं तसं समजावलं. माऊस बिनतारी, तेव्हा तो बोलतो ते कॉम्प्युटरला ऐकू यायला एक कान लागतो. तो कान कॉम्प्युटरला लावायचा. हरवू नये म्हणून माऊसच्याच पोटात ठेवून देतात. आणि वजन सांगताना तो धरत नाहीत.

मी म्हणालो (लिहितानाही हात अडतो), “आलाच नसेल खोक्यात.” डोळ्याचं पातं लवायच्या आत बोललो. तिच्या संघात घेण्याइतका चपळ मी आयुष्यात तेवढाच एकदा झालो.

तेव्हापासून पोटात गोळा आहे. दुकानदार फोनवर शपथा घेतो आहे की माल तपासून दिला होता. दुसरा नग यायला आठ दिवस लागणार, म्हणजे शनिवार गेला. खार इंटरनेटवर त्या माऊसचा अभिप्राय लिहायला बसली आहे. पाचातला एकच तारा देणार आहे. तिच्या खांद्यावरून वाचलं, ‘वजन खरं, माणसं खोटी.’ ज्याचं माप ग्रॅमाला ग्रॅम खरं उतरलं, तो माझ्यामुळे चोर ठरतो आहे! खोटं वजन मी कधी दिलं नाही हो. खोटी साक्ष दिली.

बाकी माऊस चांगला आहे. किमतीच्या मानाने उत्तम. विहीणबाईंना औषध वेळेवर द्या.

आपला,
पोट बिघडलेला व्याही

ता. क. गेल्या रविवारी तुम्ही इकडे येऊन गेलात, आणि माऊस टेबलावरच होता. तेव्हा खारीला दोन ओळी लिहून टाका की तो तुकडा चुकून तुमच्या हातून ठेचला गेला. ती तुमच्यावर कधी रागावत नाही. तुम्ही माझ्याहून आठ महिन्यांनी लहान, तरी ती तुम्हाला ‘मोठे आजोबा’ म्हणते, मी कधी काही बोललो का? शिवाय घाव माझे असले तरी कायदा तुमचाच होता.

ता. क. दुसरं. वरचं तूर्त लिहू नका. पत्र पाकिटात घालायच्या आत खार पेचकस शोधायला माझ्या हत्यारांच्या डब्यात शिरली आणि चपटा झालेला कान तिच्या हाती लागला. माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाली, “दोन ग्रॅम?” मी सगळं सांगितलं. (तुमचा भागही सांगितला, क्षमा असावी.) हसून हसून ती जमिनीवर बसली. मग एक तारा पुसून पाच दिले, दुकानदाराची माफी मागितली आणि फोन माझ्या कानाला लावून मलाही मागायला लावली. तो बिचारा म्हणाला, “काका, वजन तरी बरोबर भरलं ना?” मी म्हटलं, अगदी.

आता ऐका. चार्जिंगची वायर लावली की माऊस कानावाचूनही चालतो. पण वायर मागे ओढते. तोलून पाहिली, एकतीस ग्रॅम. म्हणून मला शिक्षा झाली आहे. शनिवारी तिच्या खुर्चीमागे बसून वायर अशी अधांतरी धरायची की माऊसवर ग्रॅमभर भार येता कामा नये. आयोजकांना विचारून झालं, एका माणसाला परवानगी आहे, मध्यंतराला बदलता येतो. काल सराव केला. बाविसाव्या मिनिटाला हात थरथरायला लागला, आणि खेळ आहे चाळीस मिनिटांचा. तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून शुक्रवारीच या. पहिला भाग एकाने धरायचा, दुसरा दुसऱ्याने. निकाल लागतो तो दुसरा भाग मात्र ज्याचा हात कमी थरथरतो त्याच्याकडे, असं खारीने ठरवलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी काठोकाठ भरलेला पेला हातात देऊन ती दोघांची परीक्षा घेणार आहे.

ता. क. शेवटचं. मी कालपासून कॉफी सोडली आहे. तुम्ही मात्र निघताना दोन कप कडक घेऊन निघा, आणि वाटेत आणखी एक. प्रवास लांबचा आहे, तरतरी राहते.